पोलीस दारात उभे राहिले तर? बॉस्टन, बाल्टिमोर आणि १८९७ चं पुणं

मंडळी, पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या आठवड्यात मुलीने शाळेतून एक प्रश्न घरी आणला. ती आठवीत आहे आणि आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये आठवीला सिव्हिक्स असतं. विषय होता अमेरिकेची चौथी घटनादुरुस्ती, आणि शिक्षकांनी उदाहरण दिलं होतं १९ एप्रिल २०१३ चं, वॉटरटाउनचं. जेवताना तिने सहज विचारलं, "आई, तेव्हा आपण वॉल्थमला राहायचो ना? पोलीस आपल्या दारात आले असते तर तू त्यांना आत घेतलं असतंस? नाही म्हणता आलं असतं का?"

मी पटकन म्हटलं, "घेतलं असतं की! त्यात विचार काय करायचा?" तिने मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. पण माझ्याच डोक्यातून तो प्रश्न जाईना. मग जुनं वाचायला घेतलं आणि वाचता वाचता बॉस्टनहून बाल्टिमोरला, तिथून थेट पुण्याला पोचले. ते सगळं तुमच्यासमोर मांडते आहे, कारण हा प्रश्न आज ना उद्या तुमच्याही घरी येणार आहे.

आधी तो दिवस.

सोमवारी, १५ एप्रिलला बॉस्टन मॅरेथॉन जिथे संपते तिथे दोन बॉम्ब फुटले. ३ जण गेले, २६० हून जास्त जखमी झाले, कित्येकांचे पाय कापावे लागले. बॉम्ब भरले होते प्रेशर कुकरमध्ये. ज्याच्या शिट्ट्यांवर आपला रोजचा स्वयंपाक चालतो, त्या कुकरमध्ये. गुरुवारी संध्याकाळी एफबीआयने दोन संशयितांचे फोटो प्रसिद्ध केले. त्याच रात्री एमआयटीच्या आवारात गाडीत बसलेल्या एका पोलिसाला गोळ्या घालून मारलं गेलं, एक गाडी चालकासकट पळवली गेली, आणि मध्यरात्रीनंतर वॉटरटाउनच्या साध्या वस्तीतल्या रस्त्यावर चकमक झाली. गोळ्या तर चालल्याच, घरी बनवलेले बॉम्बही फेकले गेले. संशयित दोघं भाऊ होते. थोरला मेला, धाकटा अंधारात पळाला.

शुक्रवारी सकाळी गव्हर्नर डेव्हल पॅट्रिक यांनी सांगितलं की घरातच राहा, दारं लावून घ्या, ओळख पटलेल्या पोलिसाशिवाय कोणालाही दार उघडू नका. आधी वॉटरटाउन आणि आसपासची गावं, मग अख्खं बॉस्टन शहर. सुमारे १० लाख लोक घरात. बस बंद, ट्रेन बंद, कॉलेजं बंद. डंकिन डोनट्सची काही दुकानं तेवढी पोलिसांच्या सांगण्यावरून उघडी होती, कारण पोलिसांनाही कॉफी लागतेच.

आमच्या घरात पडदे ओढलेले, दोन वर्षांची लेक कार्टूनसमोर, आणि पुण्याहून आईचे फोनवर फोन. "कुणालाही दार उघडू नका गं. पोलीस म्हणाला तरी आधी भोकातून बघा." हसू नका, आईचा हा सल्ला पुढे कामाला येणार आहे.

वॉटरटाउनमध्ये सुमारे २० ब्लॉकचा भाग वेढून हजाराहून जास्त पोलीस घरोघर फिरत होते. हेल्मेट, रायफली, चिलखती गाड्या. तुम्ही ते व्हिडिओ पाहिले असतील. काही घरांतून माणसं हात वर करून बाहेर येताना दिसतात. बहुतेकांनी स्वतःहून दार उघडलं आणि पोलिसांना बघून त्यांना हायसंच वाटलं.

दिवसभर शोधून तो सापडला नाही. संध्याकाळी सहाच्या सुमारास बाहेर पडायला हरकत नाही असं जाहीर झालं. थोड्याच वेळात एक गृहस्थ घरामागच्या अंगणात आले. हिवाळ्यासाठी झाकून ठेवलेल्या बोटीचं आच्छादन सैल झालेलं त्यांना दिसलं. शिडी लावून आत डोकावले, तर रक्त आणि माणूस! त्यांनी ९११ ला फोन केला आणि पावणेनऊच्या सुमारास तो पकडला गेला. ती बोट शोधाच्या वेढ्याच्या बाहेर होती. म्हणजे इतक्या घरांमधून फिरून जे हाती लागलं नाही, ते लोकांना बाहेर पडू दिल्यावर एका माणसाला आपल्याच अंगणात दिसलं.

त्या रात्री वॉटरटाउनच्या लोकांनी रस्त्यावर येऊन पोलिसांसाठी टाळ्या वाजवल्या. मी तिथे असते तर मीही वाजवल्या असत्या.

आता लेकीचा प्रश्न. नाही म्हणता आलं असतं का?

पहिली गोष्ट, "घरात राहा" ही कायद्याने घातलेली संचारबंदी नव्हती, ती विनंती होती. मला हे इतक्या वर्षांनी कळलं. त्या दिवशी आमच्यापैकी कोणाच्याही मनात "ही विनंती आहे की हुकूम" असा प्रश्न आला नव्हता.

दुसरी गोष्ट झडतीची. चौथी घटनादुरुस्ती १७९१ पासून लागू आहे. तिचं सार असं की सरकारला तुमच्या घरात शिरायचं असेल तर योग्य कारण हवं, आणि साधारणपणे न्यायाधीशाचं वॉरंट हवं. त्यात कुठली जागा, काय किंवा कोणाला शोधायचंय हे लिहिलेलं हवं. हा नियम आला त्यामागे बॉस्टनचीच एक कथा आहे. इंग्रजांच्या काळात जकातीच्या अधिकाऱ्यांकडे असे परवाने असत की चोरटा माल शोधायला ते कुठल्याही घरात, कुठल्याही गोदामात घुसू शकत. १७६१ मध्ये जेम्स ओटिस नावाच्या वकिलाने बॉस्टनच्या कोर्टात त्याविरुद्ध तासन्‌तास भाषण केलं. तो खटला हरला, पण मुद्दा लोकांच्या मनात राहिला. आणि १९ एप्रिल ही तारीख तर १७७५ च्या लेक्सिंग्टन-काँकर्डच्या लढाईची. ज्या गावांनी "आमच्या घरात विचारल्याशिवाय शिरायचं नाही" म्हणून भांडण उभं केलं, तिथेच बरोबर त्या तारखेला घरोघर झडती चालू होती.

मग ती बेकायदा होती का? तसं सरळ म्हणता येत नाही, कारण नियमाला अपवाद आहेत. घरातल्या माणसाने आपणहून संमती दिली तर वॉरंट लागत नाही. कोणाच्या जिवाला ताबडतोब धोका असेल तर लागत नाही. आणि पोलीस गुन्हेगाराच्या अगदी पाठीवर असतील तर लागत नाही. १९६७ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने हे मान्य केलं. त्यात हत्यारबंद लुटारू एका घरात शिरला आणि पाच मिनिटांच्या आत पोलीस मागोमाग पोचले होते. थांबून कोर्टात जा, असं त्यांना कोण सांगणार?

पण पाच मिनिटं मागे असणं वेगळं आणि तो कुठल्या घरात आहे याचा पत्ताच नसताना वीस गल्ल्या पिंजणं वेगळं. म्हणून वॉटरटाउनचा सगळा डोलारा मुख्यतः संमतीवर उभा होता. आणि दारात रायफल घेतलेली सहा माणसं उभी असताना दिलेली संमती किती "आपणहून" असते, हे तुम्हीच सांगा. मी लेकीला दिलेलं उत्तर आठवलं. "त्यात विचार काय करायचा?"

इथून बाल्टिमोरकडे वळू या, कारण तिथल्या लोकांना विचार करावाच लागला होता.

२४ डिसेंबर १९६४. एका दारूच्या दुकानावर दरोडा पडला, एक पोलीस अधिकारी जबर जखमी झाला. नाताळच्या पहाटे त्याच लुटारूंना शोधणारा दुसरा पोलीस मारला गेला. संशयित दोन सख्खे भाऊ, कृष्णवर्णीय. पोलिसांचं रक्त खवळलं, आणि ते समजण्यासारखं होतं. पुढच्या १९ दिवसांत बाल्टिमोर पोलिसांनी ३०० हून जास्त घरांत झडती घेतली. वॉरंट एकालाही नाही. बहुतेक झडत्या निनावी फोनवरून. रात्री-अपरात्री घराला वेढा, दारात शॉटगन आणि मशीनगन घेतलेले पोलीस, अंथरुणातून उठवलेली मुलंबाळं. आणि घरं जवळपास सगळी कृष्णवर्णीय कुटुंबांची.

ते दोघं त्या ३०० घरांपैकी एकाही घरात मिळाले नाहीत. मार्च १९६५ मध्ये ते न्यूयॉर्क राज्यात पकडले गेले.

पण झडत्या चालू असतानाच काही कुटुंबं एनएएसीपीच्या वकिलांच्या मदतीने फेडरल कोर्टात गेली. नोकरदार, घरमालक, साधी माणसं. आपल्या घरात काय झालं ते त्यांनी शपथेवर सांगितलं. १९६६ मध्ये वरच्या कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. न्यायाधीश सोबेलॉफ यांनी पोलिसांवरचं संकट नाकारलं नाही. पण कोणाचा तरी निनावी फोन आला एवढ्यावर एखाद्याच्या घरात शिरता येणार नाही, असा मनाई हुकूम काढायला लावला. पुढच्या वेळी असं झालं तर काय, म्हणून हुकूम हवाच, असं कोर्टाचं म्हणणं.

हे वाचून संपलं तेव्हा रात्रीचे बारा वाजले होते आणि माझ्या डोळ्यांसमोर पुणं उभं होतं.

चापेकरांची गोष्ट आपण सगळे लहानपणी ऐकलेली माणसं. १८९७ चा प्लेग, रँडची प्लेग कमिटी, घराघरात शिरणारे गोरे सोजीर, देवघरापर्यंत गेलेले बूट, रस्त्यावर फेकलेलं सामान. मग २२ जून १८९७, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला ६० वर्षं झाल्याचा समारंभ, गणेशखिंडीचा रस्ता आणि गोळ्या. गोष्ट इथे संपते किंवा थेट फाशीवर जाते. मधले महिने आपल्याला कोणी सांगत नाही. मीही लेकीला कधी सांगितले नव्हते. या वेळी सांगायला बसले, तर तिने आधी हेच विचारलं, "पण ज्यांनी गोळ्या घातल्या नाहीत त्या लोकांचं काय झालं?"

काय झालं ते असं. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच मेला, रँड ३ जुलैला गेला. मारेकरी कोण याचा पत्ता नाही. सरकारने २०,००० रुपयांचं बक्षीस लावलं. त्या काळचे वीस हजार! शहरावर जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च शहरातल्या लोकांच्याच माथी मारला. अपराधी सापडत नाही तर अख्खं गाव अपराधी, असा हिशेब. 'केसरी'त टिळकांचा तो प्रसिद्ध अग्रलेख, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?', याच दिवसांतला. शाळेत आपण त्याचं नाव पाठ केलं, पण तो एका शोधमोहिमेबद्दल होता हे माझ्या तरी कधी लक्षात आलं नव्हतं.

जुलैच्या शेवटी टिळकांना अटक झाली. खुनाशी त्यांचा संबंध जोडता आला नाही. खटला चालला तो खुनाच्या आधी, १५ जूनला छापलेल्या मजकुरावर. ज्युरीत ६ युरोपीय आणि ३ भारतीय होते. निकाल ६ विरुद्ध ३ असा लागला आणि १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुण्याच्या नातू बंधूंना तर १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली उचललं. आरोप नाही, खटला नाही, जवळपास दोन वर्षं स्थानबद्ध, मालमत्तेवर टाच. दुसऱ्याच वर्षी, १८९८ मध्ये, राजद्रोहाचं कलम सरकारने आणखी रुंद करून घेतलं. आणि प्लेगसाठी घाईघाईने केलेला १८९७ चा साथरोग कायदा तर २०२० मध्ये करोनाच्या वेळीही वापरला गेला. संकटात केलेला कायदा संकटाबरोबर जात नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

गोखल्यांची गोष्ट मात्र मला सगळ्यांत जास्त लागली. प्लेगच्या झडत्या झाल्या तेव्हा ते इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर भरवसा ठेवून त्यांनी सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचं तिथे जाहीरपणे सांगितलं. परत आल्यावर पुरावा मागितला गेला, आणि तो समोर ठेवायला कोणी उघडपणे उभं राहीना. गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. आता विचार करा. शहरात जादा पोलीस बसलेत, प्रतिष्ठित माणसं विनाचौकशी तुरुंगात गेलीत. अशा वेळी कोण आपल्या घरातल्या बाईचं नाव घेऊन सरकारविरुद्ध साक्ष द्यायला येईल? बाल्टिमोरच्या कुटुंबांकडे वकील होते, कोर्ट होतं, शपथ होती. म्हणून त्यांचं म्हणणं आज निकालपत्रात वाचायला मिळतं. पुण्याच्या घरांत नेमकं काय झालं, हे आज शपथेवर सांगितलेलं कुठे सापडत नाही.

आणि मारेकरी कसे सापडले? घरोघर शोधून नाही. द्रविड बंधूंनी माहिती दिली, दामोदर चापेकर पकडले गेले, ऑक्टोबर १८९७ मध्ये त्यांनी कबुली दिली. १८ एप्रिल १८९८ ला त्यांना फाशी झाली. माहिती देणाऱ्या द्रविडांचा पुढच्या वर्षी खून झाला आणि आणखी तिघं फासावर गेले.

लेक म्हणाली, "म्हणजे या गोष्टीत आपण पळालेल्या माणसाच्या बाजूने आहोत. बॉस्टनच्या गोष्टीत पोलिसांच्या."

मंडळी, तेरा वर्षांच्या मुलीने हे सांगितलं आणि मी भाजी ढवळायची थांबले.

खरं आहे ना? पुण्याची झडती म्हटली की आपल्या अंगावर काटा येतो. वॉटरटाउनची झडती म्हटली की आपण टाळ्या वाजवतो. मॅरेथॉन बघायला आलेल्या पोरांना मारणं आणि रँडला मारणं एकच, असं मी म्हणत नाहीये. पण दारात पोलीस उभे असतात तेव्हा आतल्या माणसाने यातलं काहीच केलेलं नसतं. तो फक्त त्या गल्लीत राहत असतो. पळणारा कोण आहे हे बघून आपलं मन बाजू बदलतं. ते बदलणारच, आपण माणसं आहोत. म्हणूनच घरात कधी शिरायचं याचा नियम आपल्या मनावर सोडता येत नाही. तो आधी, शांत डोक्याने लिहून ठेवावा लागतो.

आणि आपण कुठल्या बाजूचे दिसतो, हे नेहमी आपल्या हातात नसतं. २०१३ च्या त्याच आठवड्यात सोशल मीडियावर लोकांनी स्वतःची शोधमोहीम उघडली. भारतीय वंशाचा एक विद्यार्थी महिनाभर बेपत्ता होता. फोटोशी चेहरा जुळतो म्हणून हजारो लोकांनी त्यालाच बॉम्बवाला ठरवलं. आधीच मुलाला शोधून खचलेल्या त्या घरावर फोन आणि मेसेजचा भडिमार झाला. थोड्याच दिवसांत त्या मुलाचा मृतदेह सापडला. त्याचा स्फोटांशी काहीएक संबंध नव्हता. मी त्याचं नाव लिहीत नाही. त्या आई-वडिलांच्या जागी स्वतःला ठेवून बघा, तेवढं पुरे.

लंडनच्या मंडळींना २००५ आठवत असेल. फसलेल्या बॉम्बहल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, २२ जुलैला, स्टॉकवेल स्टेशनवर पोलिसांनी २७ वर्षांच्या एका ब्राझिलियन इलेक्ट्रिशियनला गोळ्या घातल्या. संशयिताशी जोडलेल्या इमारतीत तो राहत होता, एवढाच त्याचा दोष. २००७ मध्ये लंडन पोलीस दलाला या प्रकरणी दोषी ठरवून १,७५,००० पौंडांचा दंड झाला. एकाही पोलिसावर व्यक्तिशः खटला चालला नाही.

पोलिसांची बाजूही मांडायला हवी. वॉटरटाउनच्या रात्री रस्त्यावर खरेच बॉम्ब फुटत होते. पळालेल्याकडे आणखी काय आहे, कोणालाच माहीत नव्हतं. चूक झाली असती आणि एखादं घर उडालं असतं, तर "झडती का घेतली नाही" म्हणून आपणच ओरडलो असतो. आणि तिथे काही गोष्टी बरोबरही घडल्या. मागणी एका भागापुरती, एका दिवसापुरती होती आणि संध्याकाळी ती उठवली गेली. नंतर राज्याने स्वतःच मोठा अहवाल काढला. त्यात कौतुक होतं, तसंच पोलिसांनी एकमेकांच्या दिशेने आणि त्या बोटीवर बेशिस्त गोळीबार केला, हेही लिहिलं होतं. बोटीतल्या मुलाकडे तेव्हा हत्यार नव्हतं. हद्द, मुदत आणि नंतरचा हिशेब, या तीन गोष्टी १८९७ च्या पुण्याला मिळाल्या नाहीत.

मग लेकीला मी काय सांगितलं? तिच्या आजीचाच सल्ला, थोडा वाढवून.

आधी बघ, कोण आहे. हात दिसू देत, आवाज शांत ठेव. "वॉरंट आहे का?" हे विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही. नसेल आणि झडती नको असेल, तर "माझी संमती नाही" हे स्पष्ट बोल, पण आडवी पडू नकोस, हात लावू नकोस. ते तरीही आत आले तर भांडण दारात करायचं नसतं, नंतर वकिलाकडे आणि कोर्टात करायचं असतं. नावं, वेळ, सगळं लिहून ठेव. आणि खरंच शेजारच्या गल्लीत बॉम्ब फुटत असतील, तुला मदत करावीशी वाटत असेल, तर खुशाल दार उघड. मीही उघडलं असतं. फक्त ते आपण उघडतोय, हे माहीत असू दे. हे अमेरिकेचं झालं. इंग्लंडमध्ये गंभीर गुन्ह्यातल्या संशयिताला पकडायला पोलीस वॉरंटशिवाय आत येऊ शकतात, पण तो तिथे आहे असं मानायला सबळ कारण लागतं. आखातातले नियम आणखी वेगळे. ज्या देशात राहता, तिथलं नीट समजून घ्या आणि मुलांना सांगा.

तिच्या निबंधात शेवटी काय लिहिलं ते तिने मला दाखवलेलं नाही. "तू फार बदलायला सांगशील," म्हणाली.

तुमच्या घरी हे बोलणं झालंय का? वॉटरटाउन, लंडन किंवा २००८ च्या मुंबईतल्या त्या दिवसांत तुमच्यापैकी कोणी दाराच्या आत बसलं असेल, तर जरूर लिहा. आणि पुण्याच्या जुन्या वाड्यात वाढलेले आजी-आजोबा घरात असतील, तर त्यांना १८९७ च्या झडत्यांबद्दल त्यांच्या घरात काय सांगितलं जायचं ते विचारा. मी आईला विचारलं. ती जरा गप्प राहिली आणि म्हणाली, "आमची आजी सांगायची काहीतरी, पण तेव्हा कोण ऐकत होतं?"